उशिरा अंड्यावर आलेली तलंग

सोलापुरात शुक्रवार पेठेतील आमच्या भाड्याच्या खोलीमागे दोन बिऱ्हाडांचे मिळून एक परसदार होते. तेथे शेजारची सून कोंबड्या पाळीत असे. आमच्या घरात अंडे कधी आले नाही. तरीही पूजा आटोपून मी मागच्या ओट्यावर पोथी घेऊन बसलो की दृष्टी पोथीवरून त्या खुराड्याकडे वळे, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही. परमेश्वराची कारागिरी तेथेही चाललेलीच होती.

सून सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातली. लग्नात तिच्या आईने तिला एक गावरान कोंबडी दिली होती. त्या वर्षी ती खुडूक होऊन उबवायला बसली, तेव्हा सुनेने तिच्याखाली तिच्या अंड्यांबरोबर सरकारी केंद्रातून आणलेली पांढऱ्या लेगहॉर्न आणि तांबड्या ऱ्होड आयलंड या विलायती जातींचीही अंडी ठेवली. चैत्री पौर्णिमेला तीन कुळांची पिल्ले एकाच उबेतून बाहेर आली. पुढे ज्येष्ठात मुंगसाने त्या कोंबडीला आणि बरीचशी पिल्ले नेली. एक पांढरी, तांबड्यांतली एक कोंबडी नि एक कोंबडा, आणि गावरान वंशाची एकच तलंग उरली. अंड्यावर न आलेल्या कोंबडीला तिकडे तलंग म्हणतात. सुनेची आई त्याआधीच निवर्तली होती. त्यामुळे माहेरचे म्हणावे असे त्या घरात एवढेच काय ते राहिले होते.

पाचव्या महिन्यात पांढरीचा तुरा लालबुंद होऊन एका बाजूला कलला आणि तिने शुभ्र अंडे घातले. महिन्याभराने तांबडीची पाळी आली. सून जवळ गेली की ती पंख किंचित पसरून खाली दबे, आणि चारच दिवसांत तिचे बदामी अंडे खुराड्यात दिसले. प्रत्येकीने आपला काळ न चुकता ओळखावा, याचे मला फार नवल वाटे. गावरान तलंग मात्र फिक्या तुऱ्याने उकिरडा उकरीत हिंडत होती.

कोजागिरी झाली. सुनेच्या सासूबाईंनी गावच्या मरीआईला कोंबडी बोलली होती आणि तो नवस कार्तिक संपण्यापूर्वी फेडायचा होता.

“सात म्हैनं झालं,” त्या म्हणाल्या. “पांढरी घालती, लाल घालती, आन ही राणी नुस्ती दाणं टिपती. वांझ हाय. आईला हीच द्यायची.”

“आत्ती, थांबा की जरा!”

“किती थांबू? तू म्हातारी होईस्तोवर?”

सून माझ्याकडे आली. “गुरुजी, पंचांगात बघून सांगा की. खरंच सात झालं व्हय?”

मी बोटांवर मोजले आणि सहा सांगितले. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. त्यातला पहिला अधिक महिना व्रतवैकल्यांत धरीत नाहीत, म्हणून सवयीने मीही तो गाळला. पंचांगाचा शब्द म्हणताच सासूबाई नरमल्या. “गुरुजी म्हनत्यात तर सहा,” म्हणून त्यांनी तलंगेला महिनाभराचे अभय दिले.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो असता माझी चूक माझ्या ध्यानात आली. अधिक महिना आपण धर्मकार्यातून वगळतो. तो जीव मात्र त्या महिन्यातही पूर्ण जगला होता. खरे सांगावे तर सुनेची कोंबडी जाणार, आणि न सांगावे तर पंचांग हातात घेऊन असत्य बोलल्याचा दोष माझ्याकडे राहणार. पूजा संपवून मी परसदारात गेलो.

“बाई, माझी मोजणी चुकली. तुमचेच खरे. सात झाले.”

सुनेचा चेहरा पडला. सासूबाई मात्र खळखळून हसल्या. “तरी म्हनलं, अमावस्या काय म्या झोपंत मोजल्या व्हय?”

त्यांनी तलंगेला उचलले, काखेत धरले आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटे लावली. मग पुन्हा एकदा चाचपून पाहिले.

“गुरुजी, ऱ्हाऊ द्या तुमचं पंचांग आन माजं बी. घालणारीच्या हितं दोन बोटं बसत्यात. हिच्या एक बसतंय, दुसऱ्याला जागा व्हाय लागलीया. वांझ न्हाय ही. गावरानाला आट म्हैनं लागत्यात. इलायतीच्या नादानं मीच इसरले.” आणि सुनेकडे न पाहताच पुढे म्हणाल्या, “आईला लाल कोंबडा देऊ.”

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तलंगेने पहिले अंडे घातले. लहानसे, सायीच्या रंगाचे. सुनेने ते दुरून दाखविले. “शिवू नगा गुरुजी, नुस्तं बघा.” मी मनोमन हात जोडले.

त्या कोंबडीविषयी खरा आदर मला पुढे वाटला. पांढरी आणि तांबडी या दोघी अंडी घालीत आणि मागे न पाहता चालू लागत. उबवायला दोघींपैकी एकही कधी बसली नाही. गावरान कोंबडी पंधरा-सोळा अंडी झाल्यावर खुडूक झाली आणि दाणापाणी विसरून एका कोपऱ्यात बसून राहिली. सासूबाईंनी स्वतः पाटीत भुसा अंथरला. कोंबडीला त्यात बसवून अंडी ठेवण्याची वेळ आली तेव्हा त्या बाजूला सरकल्या.

“पैलं अंडं तू ठेव,” त्या सुनेला म्हणाल्या. “तुज्या आईची कोंबडी हाय.”

सुनेने पदराने हात पुसले आणि अंडे पाटीत ठेवले. कोंबडीने मान वाकवून चोचीने ते हळूच आपल्याखाली ओढून घेतले.