अप्पांचे जबाब

आमच्या घरच्या ब्लॉगवर माझ्या बारशाची आठवण टाकायची होती, तेव्हा अप्पांनी माझाच जबाब घेतला.

“बारशाला तू हजर हुतीस?”

“अप्पा, मी बारा दिवसांची होते.”

“हजर हुतीस का न्हाय?”

“होते.”

“मग लिव्ह. हजर होते, काय आठवत न्हाय. खाली सही कर.”

अप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. गाव करकंब, नोकरी तलाठ्याची. निवृत्त झाल्यावर सोलापुरात आमच्या घरी राहायला आले, ते शाईचं पॅड घेऊनच. ब्लॉग मी सुरू केला होता. पासवर्ड फक्त नातेवाइकांना. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, टाइप करायला जमतं, एवढंच त्यामागचं कारण. पण अप्पांनी पहिल्याच आठवड्यात तो ताब्यात घेतला. “तू विंग्लिश मीडियमची, त्यात गप बसणारी. कारकून म्हणून लई बेस हायस,” असं म्हणून त्यांनी माझी नेमणूकही करून टाकली.

कोणतीही आठवण जबाबाशिवाय ब्लॉगवर जायची नाही. जबाबाच्या शेवटी अप्पांचा एक ठरलेला प्रश्न असे, “हे डोळ्यानं बघितलं, का कानानं ऐकलं?” त्या प्रश्नापुढे आमच्या घराण्याचा पराक्रम भराभर आटला. आजोबांनी शेतात नाग मारला, ही काकांची लाडकी गोष्ट. अप्पांच्या चौकशीनंतर ती ब्लॉगवर अशी आली: “धामण होती. मारली नाही. आपणहून गेली.” काका महिनाभर रुसले होते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना तोंडपाठ होती आणि ती मला आवडायची नाही. अप्पांची धाकटी बहीण शेवंताआजी. तिचं लग्न दुधनीला, नवऱ्यामुलाच्या दारात होतं. वऱ्हाड करकंबहून ट्रकने निघालं, टेंभुर्णीला चहाला थांबलं, आणि नवरी तिथेच राहिली. नवरीला सांभाळायचं काम थोरल्या वहिनीकडे, म्हणजे माझ्या आजीकडे होतं. आजी जाऊन चार वर्षं झाली होती, तरी घरात कोणी छत्री विसरलं की लगेच, “अगदी थोरलीवर गेलीस.” बहुतेक वेळा विसरणारी मीच असायचे. आजी भाजीतलं मीठसुद्धा दोनदा बघायची. ती अख्खी नवरी विसरेल हे मला पटत नसे. पण मी कधी बोलले नाही.

शेवटी अप्पा आणि मी शेवंताआजीचा जबाब घ्यायला दुधनीला गेलो.

“मी हाटेलाच्या मागं गेले, आले तर ट्रक न्हाय,” ती म्हणाली. “हळदीच्या अंगानं तीन तास बाकड्यावर बसले. हाटेलवाल्यानं भजी दिली. चांगली हुती. तेबी लिव्ह गं.”

“कुणामुळं ऱ्हायलीस?” अप्पांनी विचारलं.

“थोरल्या वहिनीमुळं.”

“डोळ्यानं बघितलं, का कानानं ऐकलं?”

“मी ट्रकात असते तर बघितलं असतं की.”

“म्हंजे ऐकलं. कुणाकडनं?”

“तुज्याकडनंच की रं.”

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, “आज हितंच थांबू.”

मी म्हणाले, “अप्पा, तुमचा जबाब राहिलाय.”

“बघ, कारकून बोलाय लागली,” शेवंताआजी म्हणाली. “दे की रं जबाब.”

अप्पांनी एका दमात सांगितलं, मी टाइप केलं.

“नोकरीला लागून मला महिनाच झाला हुता. चहानंतर ट्रकात मोजणी मीच केली. बाया एकवीस. सगळ्यांच्या डोक्यावर पदर. एकवीस पदर भरले. वहिनी म्हणाली, ‘भावजी, शेवंता दिसंना.’ मी म्हणालो, ‘मेळ बसलाय, तुमी गप बसा.’ मोहोळला एक बाई उठली आणि म्हणाली, ‘मला हितं उतरवा, लई उपकार झाले.’ ती आमची नव्हतीच. शेवंताच्या डब्यातले लाडूबी तिनंच खाल्ले. सगळे वहिनीला बोलले. मी गप ऱ्हायलो. डोकी मोजली, तोंडं बघितली न्हाईत. हे डोळ्यानं बघितलेलं हाय.”

खाली त्यांनी अंगठा उठवला. सही येत असूनही.

शेवंताआजी पदराला डोळे पुसत बसली. “वहिनी मला आणाय परत ट्रकात बसून आली हुती रं,” ती म्हणाली. “रस्ताभर मी तिच्याशी बोलले न्हाय.” जरा वेळाने तिला लाडू आठवले आणि ती अप्पांवर नव्याने चिडली.

तो जबाब ब्लॉगवर गेला तसाच आहे. काढू का, असं मी विचारलं होतं. अप्पा म्हणाले, “खाडाखोड चालत न्हाय.” छत्र्या मी अजूनही विसरते, पण आता आजीचं नाव कोणी घेत नाही.

अप्पा जाऊन वर्ष होईल. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला बार्शीला निघालो होतो, ते त्यांचं शेवटचं कार्य. काठी टेकत ते बसच्या पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत गेले. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचं, नाव विचारायचं, कुणाची कोण ते विचारायचं. माझंही विचारलं. एका गृहस्थांना नातं सांगता येईना, म्हणून त्यांना उतरवलं. ते दुसरे ड्रायव्हर निघाले.

“अप्पा, मीच नवरी,” बहीण काकुळतीला येऊन म्हणाली.

“तोंड दाव.”

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. “आजोबा, मुहूर्त चुकंल की.”

“मुहूर्त चुकला तर दुसरा काढता येतो,” अप्पा म्हणाले आणि पुढच्या सीटकडे वळले. “हां, तुमी कोण?”