कोरड्या हातपंपाची देवी

रस्त्याकडेला हातपंप दिसला की ती घटना अजूनही डोळ्यांपुढे उभी राहते. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी राहुरीकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा फोन आला, "साहेब, माझे पेशंट गोळ्या नेऊन हातपंपाला वाहतायत. काल फिट येणारी एक मुलगी दगावली."

अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन मी गावात गेलो. आटलेल्या हातपंपाला हळदकुंकू फासलेलं, पायाशी गोळ्यांच्या पट्ट्या. मुलीची आई मजुरीवर जगणारी विधवा. तिने जपून ठेवलेलं छापील पत्रक पुढं केलं : 'देवीचा दांडा हाणा. पाणी येणार नाही, पण पुण्य येईल. गोळ्या वाहा, डॉक्टरचाच आजार बरा होईल.' एरवी मी खो खो हसलो असतो.

पत्रकं वाटणारा टेम्पोवाला लगेच सापडला. नगरच्या इंटरनेट कॅफेतून एका वेबपानाचा छापील कागद आणून त्याने देवीचं काम म्हणून पदरमोड करून झेरॉक्स काढल्या होत्या. दरडावलं तर उलट मलाच विचारतो, "खोटं आसतं तर कॉम्प्युटरवर आलं आसतं का, साहेब?"

कॅफेवाल्याकडून लिहिणाऱ्याचा माग लागला. भिंगारमध्ये कॉम्प्युटर शिकवणारा तरुण होता. दम द्यायची वेळच आली नाही. मुलगी गेल्याचं सांगताच त्याने सगळं कबूल केलं.

"साहेब, माझ्या आईने एका बुवाच्या नादाने औषधं सोडली आणि ती गेली. तो राग मी इंटरनेटवरच्या त्या पानावर काढला. टिंगल होती हो ती! हे कुणी खरं मानेल असं स्वप्नातही आलं नाही."

खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, असा माझा अनुभव. हा पुढे एवढंच म्हणाला, "मला त्या आईकडे न्या."

सरकारी वकिलांना त्याच्यावर लावायला कलम सापडलं नाही. पान त्याने काढून टाकलं, फाईल बंद झाली. मला मात्र एक गोष्ट कायमची कळली. टिंगल करणाऱ्याला वाटतं, समोरचाही आपल्याबरोबर हसतोय. अडलेल्या माणसाला हसायला सवड नसते, तो मिळेल तो आधार धरतो. फार वाईट वाटतं आजही.

त्याला मुलीच्या आईकडे नेलं त्या दिवशी मी तिला म्हणालो, "बाई, ते पत्रक यांनी लिहिलं." तो हात जोडून म्हणाला, "मावशी, ती थट्टा होती." तिने ऐकलंच नाही. त्याच्या पायांवर डोकं ठेवून ती रडू लागली, "तुमी देवीचे भगत. तिला इचारा ना, समद्या गोळ्या वाहिल्या हुत्या आमी. काय चुकलं आमचं?"

तो तिला उठवू पाहत होता आणि ती त्याचे पाय सोडत नव्हती.