फ्लॉवरमधली अळी आणि शिंप्याचा प्रश्न

फ्लॉवर पिकवणाऱ्या त्या घरातल्या थोरल्या सुनेला सगळे ‘तोफ’ म्हणायचे. एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. एका सकाळी तिनं वाफ्यात बसल्याबसल्या एक गड्डा फोडला, आतली हिरवी अळी बोटावर घेतली आणि म्हणाली, "ह्या आमच्या बाईसाहेब. सगळ्यांच्या आधी जेवतात." धाकटी जाऊ मोबाईलवर टिपत होती. तिनं गंमत म्हणून तो व्हिडिओ टाकून दिला.

दुपारची जेवणं होईस्तोवर मोबाईलला दम खायला फुरसत नव्हती. कुठकुठले लोक हसत होते, विचारत होते. दोघी जावा हात धुवायचं विसरून स्क्रीनवर वाकल्या. त्यातच एकानं लिहिलं होतं, ‘अळी मारायला फवारता आणि तेच विष आमच्या पोरांना खायला घालता.’ तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, जाऊ दे. सासऱ्यांनी तर शेती करायची आहे की नाटक, असं सरळच विचारलं.

तिनं दुसऱ्याच दिवशी फवारणीच्या पंपाशेजारी उभं राहून लाइव्ह केलं. हो, फवारतो, म्हणाली. कधी फवारतो, त्याआधी किडे अडकवायचे पिवळे चिकट सापळे का लावतो, फवारल्यावर काढणीला किती थांबतो, सगळं दाखवलं. ते पाहून शहरातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी तिला भाषणाला बोलावलं.

नवऱ्यानं हौसेनं भाषण लिहून दिलं, तिनं ते घोकलं. सभागृह मात्र खच्चून भरलं होतं. "आदरणीय व्यासपीठ," तिनं सुरुवात केली आणि पुढचं सगळं डोक्यातून उडालं. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी तेवढ्यात जांभई दिली.

"पाठ केलेलं विसरले," ती म्हणाली, "आता खरं बोलते."

हशा पिकला. तिनं पिशवीतून गड्डा काढून टेबलावर ठेवला आणि मग तोफ सुटली. रोपं का मरतात, पाऊस चुकला की घरात कोण कोणाशी बोलत नाही, डागाळलेला गड्डा बाजारातून कसा परत येतो. आजोबा खुर्चीच्या टोकाला येऊन ऐकू लागले.

शेवटी मागून एक शिंपी उठला. "ती विषाची कमेंट माझी होती," तो म्हणाला. "मुलगी आजारी पडली होती, कोणावर तरी राग काढायचा होता. पण एक सांगा, धुतल्यावर सगळं औषध जातं का?"

तिनं टेबलावरचा गड्डा उचलून उलटासुलटा पाहिला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारून सांगेन. उत्तर आमच्या गैरसोयीचं असलं तरी सांगेन."

टाळ्या थांबेनात. तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या टाळ्या घेतोय.

कृषी अधिकाऱ्यांनी सांगितलं की धुण्यानं बरंच कमी होतं, पण सगळं जात नाही. तिनं ते जसंच्या तसं व्हिडिओत सांगितलं. सासरे चिडले, गिऱ्हाईक तुटणार म्हणाले. रविवारी उलटंच झालं. शिंपी बायकोमुलीला घेऊन बांधावर हजर झाला, त्याच्या मागे वाचनालयाची गाडी भरून माणसं. सासरे आधी गोठ्याआड उभे होते. मग शिंप्याच्या मुलीनं लावायला घेतलेलं रोप उलटं धरलं, तेव्हा त्यांना राहवेना. संध्याकाळपर्यंत त्यांचीच बडबड चालू होती आणि धाकटी त्यांच्यामागे मोबाईल घेऊन पळत होती.

निघताना ग्रंथपालबाईंनी विचारलं, शेजारच्या शहरातही बोलाल का? तिथलं सभागृह मोठं आहे, माणसं जास्त भांडणारी आहेत.

"भांडणारी?" तोफेनं ओचा खोचत विचारलं. तिचे डोळे लकाकले. "मग जरा लवकरच ठेवा."