आर्वी स्टेशनच्या पत्त्यावर आलेली तार

आर्वीहून मी पहिल्यांदा निघाले तेव्हा माझ्याकडे एक ट्रंक, आईची शिदोरी आणि पर्समध्ये वैमानिकाचं लायसन्स होतं. आईला लाज वाटत होती ती युनिफॉर्मच्या पँटची. "साडी नेसूनच जाजो. ते पायजामे तिकडं घालजो," ती खिडकीतून कुजबुजली. बाबा एवढंच म्हणाले, "बाई, वर जाजो, पण जेवून जाजो." पुलगावची छोटी गाडी इतकी हळू सुटली की ते बराच वेळ डब्याशेजारून चालत राहिले.

नागपुरात कंपनीनं मला को-पायलट म्हणून घेतलं होतं, पण रिझर्व्हवर. कुणी आजारी पडलं, तर मी. पहाटेपासून इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत बसायचं. खाली घरमालकांचा टेलिफोन वाजला की मी जिन्यात. फोन नेहमी त्यांच्या मुलीच्या सासरहून असे. बरोबरीचे मुलगे ऑफिसात गप्पा मारून फेऱ्या मिळवत. मला ते जमेना. कॉन्व्हेंटमध्ये मी इंग्रजी शिकले, पुढे होऊन बोलायला नाही. पंधरा दिवस गेले. चीफ पायलटांनी बजावलं होतं, एकदा जरी बोलावल्यावर आली नाहीस, तरी नाव यादीच्या तळाला.

मधूनमधून दोन दिवस मात्र गावी जायची मुभा मिळे. अट एकच, तार येताच निघायचं. अशा एका रविवारी मी घरी आले. पत्ता स्टेशनचा दिला होता, कारण रविवारी पोस्ट बंद, स्टेशनची तार चालू. आमची गल्लीही स्टेशनला लागूनच.

दुपारी स्टेशनमास्तर सायकलवरून आले, हातात कागद. आमच्या गल्लीला तारेचा एकच अर्थ ठाऊक होता. ते दाराशी पोचेपर्यंत बायांनी पदर तोंडाला लावले होते. आई भिंतीला टेकून खाली बसली. "अहो, ऐका तं!" मास्तर ओरडत होते. शेजारच्या मथुराकाकूंनी तोवर गळा काढला, "अशी कशी गेली वो माय!"

"कोण गेलं ते तं पाहू द्या," बाबा चष्मा शोधत म्हणाले.

तार इंग्रजीत. सगळे माझ्याकडे वळले. चार माणसांत तोंड न उघडणारी मी, ओसरीभर लोकांपुढे मोठ्यानं वाचलं: उद्या सकाळचं मुंबईचं विमान, ताबडतोब हजर व्हा.

काकूंनी डोळे पुसले. "मंग मले काऊन रडवलं जी, मास्तर?"

हसण्याच्या त्या गदारोळात माझी नजर घड्याळावर गेली. गाडीची वेळ टळून दहा मिनिटं झाली होती. पुढची गाडी सकाळी. बाबांना कसंबसं सांगितलं, "गाडी गेली."

मास्तरांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे टोपी मांडीवर घेऊन, मान खाली घालून त्याच गाडीचे गार्डसाहेब बसले होते. रडणं ऐकून सांत्वनाला आले होते. "हे इथं बसून राह्यले, तं गाडी कुठं जाते?"

रडायला आलेल्या बायांनीच माझ्या शिदोरीच्या पोळ्या लाटल्या. आईनं माझी पँट घडी करून ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवली. "सापडाले बरी," म्हणाली. स्टेशनवर डब्यातले लोक विचारत होते, कोण वारलं? कळल्यावर त्यांनी मला खिडकी दिली.

पुलगावहून मोठ्या गाडीनं नागपूर, आणि सकाळी डाकोटा विमानातली उजवी सीट. को-पायलटची जागा उजवीकडे असते आणि मुंबईला जाताना आर्वीही उजवीकडेच येते, हे मला वर गेल्यावर कळलं. माणसं दिसली नाहीत. बाजारातले कापसाचे ढीग तेवढे दिसले, हरभऱ्याएवढे, पांढरे. "काय आहे तिकडे?" कॅप्टननी विचारलं. "घर," मी म्हणाले, आणि मग बोलतच सुटले. काकू, गार्डसाहेब, सगळं. त्यांचं हसू थांबेना.

आता माझ्या नियमित फेऱ्या असतात. आर्वीतले जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना मोठ्या शहरांतले पक्के पत्ते आहेत. माझा कंपनीच्या वहीतला पत्ता अजून 'आर्वी स्टेशन' हाच आहे, आणि मी तो बदलणार नाही. आई लिहिते, आता गल्लीत तार आली की बाया पदर तोंडाला लावत नाहीत. आधी पोळपाट घेऊन येतात, मग विचारतात, कुणाची.