घरधन्याचं मत

हसणार असाल तर आधी चहा पिऊन घ्या, नाहीतर ठसका लागेल. मी माझ्या सख्ख्या भावाला निवडणुकीत पाडलं. तेही त्याचा प्रचार करून! सांगते ना, ऐका तर.

स्वातंत्र्यानंतरची दुसरी निवडणूक होती ती. आमचा धाकटा, वसंता, आमदारकीला उभा राहिला. निशाणी होडी. समोरच्याची तराजू. वसंता सभेत ओरडून ओरडून सगळं समजावून सांगत होता म्हणे. म्हणे का? तर मी तेव्हा मागच्या पडवीत त्या सभेचाच चहा उकळत होते! जाताना तो एवढंच म्हणाला, "ताई, वाडीतल्या बायका तुझ्या हाती." झालं. मी चौथी शिकलेली, वाडीतली विदुषी! पदर खोचला.

मतदान शाळेत. तेव्हा शिक्का-बिक्का नव्हता हो. कागद घ्यायचा, पडद्याआड जायचं, तिथे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. सोपं ना? पण साहेबांनी माझ्या हातात दोन कागद ठेवले.

"दोन कशाला?"

"दोन मतं आहेत बाई. दोन्ही एकाच पेटीत टाकू नका. पुढे चला, पुढे चला."

मी क्षणभर गोंधळले. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला! आमच्या वाडीतले सगळे बाप्ये मुंबईला गिरणीत. पालखीचा प्रसाद वाटतात तेव्हा बाई घरधन्याचा वाटाही ओच्यात घेते की नाही? रेशनची साखर त्याच्या नावची आपणच आणतो की नाही? तसंच हे! एक माझं, एक ह्यांचं. सरकारला किती काळजी बघा!

आता हे कोणाच्या बाजूचे, ते का मला ठाऊक नव्हतं? वसंताचं नि ह्यांचं आमच्या लग्नातल्या मानपानापासून वाकडं. गणपतीला आले तेव्हा ओटीवर बसून म्हणाले होते, "तुझा भाऊ? त्याला स्वतःची विहीर उपसता येत नाही, तो राज्य काय चालवणार? मत द्यावं तर तराजूला."

हात आपसूक होडीकडेच वळत होता हो. पण नवऱ्याच्या मतात लबाडी करायची? छे! माझा कागद होडीत, ह्यांचा तराजूत. डोळे मिटून टाकला.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी कसली थांबते! बाहेर येऊन रांगेतल्या बायकांना गोळा केलं. "ऐका गं, एक कागद तुमचा, तो होडीत. दुसरा घरधन्याचा. त्याला आवडेल तिथे टाका. त्याच्या पाठीमागे फसवणूक नको!"

"आमचा तर तराजूवाल्याच्या वशिल्यानंच गिरणीत लागलाय," एक म्हणाली.

"आमचा पन," दुसरी म्हणाली.

"मग तराजूत टाका," मी म्हणाले. मोठ्या मनाने!

काशीआत्या आत गेली आणि आरडाओरडा ऐकू आला. आत्या विधवा. एक कागद तिने साहेबांपुढे आपटला. "ह्यो परत घ्या. माझा धनी कवाच गेला."

"आजी, दोन्ही तुमचेच आहेत."

"मेल्या, दोन कसे? या वयात माझं दुसरं लगीन लावतोस व्हय?"

साहेब कपाळाला हात लावून बसले. मी दारातून म्हटलं, देशावरचा माणूस, त्याला आमच्या घरच्या रीती काय कळणार!

दुपारी घरी येते तर ओटीवर हे! मुंबईहून येताना रेवसची लाँच लागलेली, तोंड हिरवंगार.

"अगोबाई, तुम्ही कसे?"

"मत द्यायला आलो. चल, शाळा दाखव."

"कशाला उगाच उन्हात? तुमचं मी टाकलं की!"

"माझं? कुठे टाकलंस?"

"तराजूत," मी अभिमानाने म्हणाले.

हे मट्कन खाली बसले. "अगं बये! मी होडीला द्यायला आलो होतो. वसंता खोलीवर आला, पाया पडला. म्हटलं, मेहुणा आहे, किती दिवस धरून बसायचं? रजा काढून आलो. पण असं चालतं का गं, दुसऱ्याचं मत टाकलेलं?"

"चालतं म्हणजे? साहेबांनी स्वतः माझ्या हातात दिलं!"

हे बिचारे सरबत पिऊन आडवे झाले. ते उठले तेव्हा शाळेला कुलूप होतं आणि वसंता दारात उभा होता.

"भावोजी! दिलंत ना मत?"

"तुझ्या ताईने दिलं माझं."

वसंताने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. तो हळूहळू खांबाला टेकला.

"ताई, आपल्या मतदारसंघात जागाच दोन आहेत गं! एक सर्वसाधारण, एक राखीव. म्हणून माणशी दोन मतं. एक मला, दुसरं राखीव जागेच्या आपल्या माणसाला. दोन्ही तुझीच होती!"

"अरे देवा! मग ह्यांचं?"

"त्यांना शाळेत जाऊन द्यायचं होतं," वसंता म्हणाला. मग दचकून ताठ झाला. "थांब. बाकीच्या बायकांनी काय केलं?"

मी पदराचं टोक चावत उभी राहिले.

पेट्या फुटल्या. आमच्या शाळेतल्या होडी आणि तराजूच्या पेट्या अगदी जुळ्या बहिणींसारख्या भरलेल्या. जिथून वसंताला भरघोस आघाडी मिळायची, तिथेच फिट्टमफाट! राखीव जागेच्या त्या बिचाऱ्याच्या पेटीत तर वाडीतल्या एका बाईचाही कागद नाही. आणि वसंता पडला.

पण एक झालं. त्या रात्री मेहुणे-भावोजी इतक्या वर्षांनी एका पंगतीला बसले आणि मला नावं ठेवता ठेवता दोघं पोट धरून हसले. मी मुकाट्याने भाकऱ्या वाढत होते.

"पुढच्या वेळी पुन्हा उभा राहणार मी," वसंता म्हणाला.

"राहा की," हे म्हणाले. "मतदानाच्या दिवशी हिला मी मुंबईला नेतो."

पण तशी वेळच आली नाही. सरकारने ते दोन जागांचे मतदारसंघच मोडून टाकले. आता एक जागा, एक कागद. का मोडले, त्याची कारणं पेपरात बरीच आली होती म्हणे. वसंता मात्र येईल-जाईल त्याला एकच कारण सांगतो: "दिल्लीपर्यंत आमच्या ताईची कीर्ती पोचली!"