बारा वर्षांवरचं पोर

दवाखान्यात बाटल्या रिकाम्या होतात, किस्से मात्र साचत जातात! निजामीच्या शेवटच्या वर्षांत मी नळदुर्गच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टरसाहेब पोरांचे डॉक्टर. त्यांचा एकच हट्ट, बारा वर्षांवरचं पोर आलं की मोठ्यांनी बाहेर बाकावर बसायचं. "दुखणं ज्याचं, त्यानंच सांगायचं!" मुलगी असली तर दाईबाई आत थांबत.

*

तामलवाडीचे एक पाटील मिसरूड फुटलेल्या लेकाला घेऊन आले. "ह्याला भूक न्हाय, झोप न्हाय, पोटात लई दुखतंय!"

साहेब म्हणाले, "पाटील, औषध तुम्हाला देऊ का त्याला?"

पाटील उठून बाकावर गेले.

*

मुरुमची एक आजी पंधरा वर्षांच्या नातवाला सोडून उठेना. "म्या अजून ह्याला न्हाऊ घालते! माझ्यापास्नं काय लपवायचंय?"

पोरगा म्हणाला, "साहेब, त्येच सांगायला आलोय!"

*

पोलीस नाक्यावरच्या जमादाराला अख्खं गाव टरकून असे. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलीनं अन्न सोडलं होतं. तो हटेना. "मेरी बच्ची है!"

साहेबांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "मग मी तपासत नाही."

मला वाटलं, आता दवाखान्याला टाळं लागतं! पण जमादार बाहेर गेला. अर्धा तास नुसत्या येरझाऱ्या! मुलगी बाहेर येताच त्यानं साहेबांना विचारलं, "क्या बोली?"

"तिलाच विचारा. पण उभं राहून नाही, बसून."

महिन्याभरात पोरीचं ठरलेलं लग्न लांबणीवर पडलं, आणि ती जेवायला लागली.

*

पुढं निजामाविरुद्ध गडबड पेटली. सरकारविरोधी पत्रकं वाटणाऱ्या सोळा वर्षांच्या एका पोराच्या मांडीत शिपायांच्या बंदुकीचे छर्रे घुसले. भरदुपारी आईनं त्याला बैलगाडीत घालून दवाखान्याच्या मागच्या दारानं आत आणलं. सापडला असता तर पुन्हा दिसला नसता.

साहेबांनी छर्रे काढून पट्टी बांधली, तोच पुढच्या दारात जमादार! सोबत दोन शिपाई.

"अंदर कौन है?"

"पेशंट. सोळा वर्षांचा."

 साहेब खोटं का बोलले नाहीत, देव जाणे! मागच्या दाराशी पडद्याआड ती माय पदर तोंडात कोंबून बसली होती.

शिपाई पुढं सरकले. जमादारानं हात आडवा केला.

"बारा के ऊपर का है ना?"

"हो."

तो बाहेर जाऊन बाकावर बसला. शिपाईही बसले. थोड्या वेळानं मागून गाडीची चाकं कुरकुरली. एक शिपाई ताडकन उठला.

जमादार समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाला, "बैठो!"