तळं बुजवलं त्या आखाजीला

"उन्हाळ्यात खानदेशात कोण मरायला जातं?" असं सासूबाई म्हणाल्या, आणि मी बॅग भरायला घेतली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नाशिकला एका बँकेत कर्जखात्यात होते. शेजारच्या टेबलावरच्या कुसुम पाटीलनं आमंत्रण दिलं होतं, "आखाजीला माझ्या माहेरी चल, शिव्या ऐकायला." शिव्या ऐकण्यासाठी रजेचा अर्ज टाकणारी आमच्या शाखेतली मी पहिलीच असेन.

या ब्लॉगवर मी आतापर्यंत जे प्रवास लिहिले ते डोकं थंड ठेवून लिहिले. हा तसा जमणार नाही, आधीच सांगते. इतकी वर्षं झाली, अजून राग जात नाही. गावाचं नावही लिहीत नाही. अमळनेरहून जीपनं जाता येतं, एवढं पुरे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो, खानदेश लेकींना माहेरी आणतो. झाडांना झोके बांधतात, पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे आपलं खरबूज. कुसुमच्या गावात त्यापुढची एक रीत होती. दुपारी, चैत्रात घरोघरी बसवलेल्या गौराईला निरोप दिला की वरल्या आळीच्या बायका तळ्याच्या एका काठाला, खालच्या आळीच्या दुसऱ्या काठाला, आणि मधल्या पाण्यावरून एकमेकींना मनसोक्त शिव्या. त्या दिवशी कुणी रागवायचं नाही. काठावर बोललेलं काठावरच सोडून घरी जायचं.

नाशिकहून सकाळच्या एसटीनं निघालो. मालेगावपर्यंत बरं होतं, पुढे खिडकीतून येणारा वारा चुलीतून आल्यासारखा लागू लागला. या दिवसांत जाणार असाल तर डोक्याला सुती पंचा, पिशवीत कांदा आणि सोबत भरपूर पाणी ठेवा. धुळ्याला स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली. तिखटानं कानातून धूर निघाला, वर उसाचा रस प्यायलो, दोघींचं मिळून बिल सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी. धुळे ते अमळनेर रस्ता तेव्हा अरुंद होता, दोन्ही बाजूंना कपाशीची नांगरून टाकलेली काळी रानं. हिरवं म्हणून काही नाही, कडुनिंब सोडून. अमळनेरहून काळी-पिवळी जीप. ड्रायव्हरच्या मांडीवरच काय ते कुणी बसलं नव्हतं.

आणि मग एका वळणानंतर एकदम गार वारा लागला. मला वाटलं भास झाला. कुसुम म्हणाली, "आलं आमचं तळं."

कुसुमच्या आईनं दारातच तांब्या पुढे केला. "उनी का माय? बठ, पयले पाणी पे." विहिरीचं पाणी, गोड आणि थंड. भर वैशाखात परसातली विहीर इतकी भरलेली की वाकून पाहिलं तर स्वतःचं तोंड दिसावं. वाटेत दोन गावांत मी बायकांना डोक्यावर हंडे घेऊन रस्त्यानं जाताना पाहिलं होतं. इथे हंडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुम मला तळ्यावर घेऊन गेली. पाणी मागे सरकलं होतं, मधोमध मोठा तुकडा चमकत होता. मागे सरकलेल्या ओल्या मातीत डांगर आणि काकड्यांचे वेल पसरलेले. एका कडेला पाणकणसाचं दाट बेट, त्यात बदकं. म्हशी गवतात चरत होत्या. दोघे बाप-लेक बैलगाडीत गाळ भरत होते, वांग्याच्या वाफ्यात टाकायला. ज्यांनी खानदेशी भरीत खाल्लंय त्यांना ती वांगी माहीत आहेत. पलीकडे कुणीतरी जाळं झटकत होतं. यातल्या कुणीही कुणाला पैसे देत नव्हतं. गवत फुकट, गाळ फुकट, विहिरींत झिरपणारं पाणी फुकट. पंचायतीत पैसे भरायचे ते फक्त शिंगाड्याच्या लिलावाचे, आणि तो लिलाव दरवर्षी दगूअक्का घेई.

दगूअक्का भोई समाजाची, नवरा गेलेला, हातापायांना कायम तळ्याचा चिखल. तिची झोपडी काठालाच होती. शिंगाडा पावसाळ्यात लावतात, दसऱ्यापासून काढतात. मग वर्षभर उपासाला आपण जे पीठ खातो ते असल्याच कुणा बाईच्या कापलेल्या बोटांतून आलेलं असतं. झोपडीत एका माठात पाण्यात बुडवून तिनं पुढच्या लागवडीचं बियाणं ठेवलं होतं. मी हात घालून पाहिलं, तर काळे, काटेरी, निसरडे शिंगाडे.

"हाई बी ओलंच ऱ्हावाले पाह्यजे," ती म्हणाली. "सुकं का मरं."

मग तिनं मानेनं पलीकडे दाखवलं. तळ्याच्या रस्त्याकडच्या बाजूला मुरमाचे ढीग होते. दोन ट्रॅक्टर उभे होते. पाणकणसाचं एक बेट अर्धं मुरमाखाली गेलेलं.

"तलाव बुजाई गया ते मी हाई कोठे लावू? नानाना गाळामा?"

नाना म्हणजे गावचे सरपंच. तळं बुजवून तिथे दुकानाचे गाळे बांधायचं ठरलं होतं. मला वाटलं, गावानं ठरवलं असेल. कुसुम म्हणाली, गावाला मुरूम पडायला लागल्यावर कळलं.

नाना भेटायला अवघड नव्हते. पांढराशुभ्र सदरा, ओट्यावर बैठक, पाहुणीसाठी चहा लगेच. मी बँकेतली म्हटल्यावर तर फारच खूष झाले.

"ताई, तुम्ही आकड्यांतल्या. तुम्हीच सांगा, या डबक्याचं पंचायतीला येतं काय? वर्षातून एकदा लिलाव, तोही त्या एका बाईचा. बाकी डास. गाळे झाले की महिन्याच्या महिन्याला भाडं."

"आणि विहिरी?" मी विचारलं.

"विहिरीचं पाणी देवाचं. पाऊस पडतो, विहीर भरते."

"गवत? गाळ? मासे?"

"ते तर सगळे फुकटच नेतात!" नाना हसले. "फुकटाचा हिशोब कसा मांडायचा?"

मी कप तसाच खाली ठेवला. गावातलं प्रत्येक घर ज्याच्यावर जगतं, ते फुकट आहे म्हणून त्याची किंमत शून्य! आणि खरं सांगायचं तर संताप एकट्या नानांवर नव्हता. आमच्या बँकेत गाळ्यावर कर्ज मिळत होतं. त्याचं मूल्यांकन करायला माणूस जाई, फूटपट्टी लावी, सही करी. तळ्याचं मूल्यांकन करा म्हणून मी कागद पुढे केला असता तर साहेबांनी मला रजेवर पाठवलं असतं. ज्या जमिनीवर पाणी साचतं ती आपल्या सगळ्या कागदांवर वाया गेलेली जमीन. ती कामाला लावायची म्हणजे आधी मारायची. हे कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे, पण सगळे पहिल्या वर्गात पास होतात.

आखाजीच्या दिवशी ट्रॅक्टर बंद होते. सकाळी कुसुमच्या आईनं घागर भरली, तिच्यावर दगूअक्काच्या वेलाचं डांगर ठेवलं. खापरावरचे मांडे आणि आमरस. इतकं जेवले की उठवेना. पण दुपारी बायकांचे घोळके गाणी म्हणत निघाले तेव्हा मीही खालच्या आळीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. गौराईला पाण्यापाशी निरोप दिला गेला. पुरुष मंडळी मागे सावलीत बसली, ऐकायला. नाना खुर्ची टाकून पुढेच होते.

सुरुवात गमतीची होती. पलीकडून एक आवाज आला, "तुन्हा नवरानी मिशी मांजरनी चाटी!" अलीकडून त्याच्या दुप्पट परतफेड. कुणाचं वजन, कुणाची चोरटी सासू, कुणाचा पोळ्या करपवणारा हात. काही शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, कुसुमच्या आईनं दिलेल्या तर अजिबात नाहीत. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

मग मध्येच दगूअक्का पाण्यात उतरली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली, पलीकडच्या काठाकडे नाही, नानांच्या खुर्चीकडे तोंड करून.

"तलावमा माती टाकस, तुन्हा ताटमा माती पडो!"

मग वरल्या आळीनं तेच उचललं. मग खालच्या आळीनं. आयुष्यभर पाण्याच्या दोन बाजूंना उभं राहून भांडलेल्या बायका पहिल्यांदाच एका बाजूला झाल्या आणि दोन्ही काठांवरून एकच शिवी नानांवर पडू लागली. मीही ओरडले. माझी अहिराणी ऐकून शेजारची पोरगी हसली, पण ओरडले. मला वाटलं, झालं, जिंकलो. एवढ्या बायकांसमोर उद्या ट्रॅक्टर सुरू करायची कुणाची छाती आहे?

नाना हसत होते. मान डोलावून, मांडीवर थाप मारत, मनापासून हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजानं जाग आली. मी तरातरा नानांच्या ओट्यावर गेले, कुसुम मागोमाग. "काल एवढं ऐकलंत," मी म्हटलं, "आणि आज पुन्हा?"

"ताई, तुम्ही पाहुण्या," ते अगदी मायेनं म्हणाले. "आखाजीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. आमची रीत आहे."

ओट्यावरच्या दोघांनी माना हलवल्या. "आखाजीनं बोलनं पाणीमाच ऱ्हास."

बायकांना वर्षातून एक दिवस खरं बोलू द्यायचं आणि त्यातलं खरं ऐकायचं नाही, ही सोय कुणी लावली असेल? मी अशी हात चोळत उभी असताना दगूअक्का आली. काखेत बियाण्याचा माठ होता. ओट्याखाली उभी राहिली. एरवी ती नानांना अहो-जाहो करी, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. आज पदर खांद्यावर होता.

"नाना, काल आखाजी व्हती. आज आखाजी नही शे. आते आयक." मग तिनं शांतपणे, न ओरडता, तीच ओळ म्हटली. "तलावमा माती टाकस, तुन्हा ताटमा माती पडो."

नाना हसले नाहीत. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला. मग तो लाल झाला. "हिला पुढच्या लिलावात उभं करायचं नाही," एवढंच ते ओट्यावरच्यांना म्हणाले आणि आत गेले. दगूअक्का माठ घेऊन परत तळ्याकडे गेली. कुणीही तिच्याबरोबर चार पावलं चाललं नाही, एव्हाना आमच्या मागे येऊन उभी राहिलेली कुसुमची आई सोडून.

परतीची एसटी खचाखच होती. धुळ्याला शेवभाजी घेतली, पण चव लागली नाही. पुढचा लिलाव झालाच नाही, कारण तोवर लिलाव करायला तळं उरलं नव्हतं. दगूअक्का लेकीकडे सुरतेला गेली, साड्यांचे धागे कापायला. जाताना तो माठ कुसुमच्या आईकडे ठेवून गेली. आईनं तो विहिरीचं पाणी घालून ओला ठेवला, विहीर आटेपर्यंत.

हो, आटली. गाळे झाले, निम्मे बंदच राहिले. परसातल्या विहिरी एकामागून एक तळाला गेल्या आणि गावात टँकर सुरू झाला. पंचायत गाळ्यांचं भाडं गोळा करते आणि ते टँकरवर जातं, असं कुसुमनं मला सांगितलं तेव्हा मी हसले की ओरडले ते आठवत नाही. फुकटाचा हिशोब कसा मांडायचा, असं विचारलं होतं ना नानांनी? हा घ्या, मांडून झाला.

त्यानंतर कुसुम एकदा महाशिवरात्रीच्या सुमारास माहेरी गेली होती. गाळ्यांसमोर टँकरला बायकांच्या दोन रांगा, एक वरल्या आळीची, एक खालच्या आळीची, रस्त्याच्या दोन बाजूंना. नाना त्यांच्या मधून खाली मान घालून घराकडे चालले होते. कुसुमच्या आईनं रिकामी घागर जमिनीवर ठेवली आणि सुरुवात केली. दुसऱ्या बाजूच्या रांगेनं उचललं. "तलावमा माती टाकस, तुन्हा ताटमा माती पडो!" नानांनी घरात शिरून दार लावलं, तरी बायका थांबल्या नाहीत.

आखाजी अजून लांब होती.